पंधरा मिनिटं पुढे

माझी त्या युनिटला पोस्टिंग झाली तेव्हा मी नाईक होतो. ट्रेड ऑटो इलेक्ट्रिशियन. युनिट उत्तरेला, डोंगरात. नाव आणि ठिकाण लिहीत नाही. गाड्यांचे दिवे, हॉर्न, सेल्फ, वायपरच्या मोटरी, हे माझं काम. पनवेलमध्ये लोक विचारतात, हवालदारसाहेब, किती जणांना उडवलंत? एकवीस वर्षांत मी उडालेले फ्यूज बदलले, असं सांगितलं की त्यांचे चेहरे पडतात. पडू देत. ज्यांना फौज म्हणजे फक्त बंदूक वाटते त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

रिटायर होऊन मला पाच वर्षं झाली. करंजाड्यात, स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्याला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. नऊला उघडतं म्हणजे नऊला उघडतं. साडेनऊला येतो म्हणून साडेअकराला उगवणाऱ्या गिऱ्हाइकावर मी तोंड सोडतो. आजूबाजूचे मला तापट हवालदार म्हणतात, तेही समोरच. वेळेच्या बाबतीत माझ्यासारखा काटेकोर माणूस करंजाड्यात नाही असा माझा लौकिक आहे. तो कशावर उभा होता ते सांगायला बसलोय.

गेल्या दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी, सकाळी दहा चाळीसला, एक जुनी पांढरी कार दुकानासमोर लागली. उतरलेला माणूस पन्नाशीचा, अंगाने आडवा, पायात रबरी चपला. मी त्याला लगेच ओळखलं. तो जनार्दन घरत होता. अकरा वर्षांपूर्वी त्याच्या धाकट्या भावाची, लान्स नाईक रमाकांत घरतची शवपेटी मी त्यांच्या दारात उतरवली होती. त्यांचं गाव नेऱ्याच्या पुढे, डोंगराखाली. माझ्या दुकानापासून फार तर अर्धा तास. अकरा वर्षांत मी त्या रस्त्याला गेलो नव्हतो. तिकडच्या फार्महाऊसवाल्यांनी फोन केला तर गाडी इकडे ओढून आणा म्हणून सांगायचो.

"घड्याल बिघडलाय," जनार्दन म्हणाला. नमस्कार नाही, हसणं नाही.

"काय होतं?"

"गाडी चालू केली का एक वाजतो. कवाबी चालू करा, एकच."

"कधीपासून?"

"तुमी बघा ना."

डॅशबोर्डवरच्या घड्याळाला करंट दोन वाटांनी येतो. एक चावी फिरवल्यावर येतो, त्यावर आकडे उजळतात. दुसरा बॅटरीतून थेट, चोवीस तास, त्यावर घड्याळ वेळ लक्षात ठेवतं. हा दुसरा तुटला की गाडी बंद करताक्षणी घड्याळ सगळं विसरतं आणि पुढच्या वेळी एक वाजल्यापासून सुरुवात करतं. नव्वद टक्के मेकॅनिक सांगतात घड्याळ गेलं, नवं टाका. घड्याळ बहुतेक वेळा चांगलंच असतं.

मी बॅटरी मोजली. बारा पॉइंट सहा व्होल्ट. टर्मिनल घट्ट. चावी फिरवली, एक वाजला. बंद करून परत फिरवली, परत एक. म्हणजे चावीचा करंट ठीक. दार उघडलं तर छतातला दिवा लागला नाही. त्या गाडीत छतातला दिवा आणि घड्याळाचा थेट करंट एकाच फ्यूजवर असतो. स्टिअरिंगखाली डोकं घातलं, फ्यूज बॉक्सचं झाकण काढलं, टॉर्च मारला. फ्यूज उडालेला नव्हता. तिथे फ्यूजच नव्हता. बाकीच्यांवर बोटभर धूळ, आणि ह्या एका खाचेत ताजे चकचकीत ओरखडे. नुकताच कुणीतरी उपटला होता.

मी डोकं बाहेर काढलं. "फ्यूज कुणी काढला?"

जनार्दनने शर्टाच्या खिशातून तो छोटा निळा फ्यूज काढला आणि माझ्या काउंटरवर ठेवला. त्याच्या दुसऱ्या हातात मोबाईल होता. तो सगळा वेळ मोजत होता.

"सात मिन्टं," तो म्हणाला. "सात मिन्टांत सापडला तुमाला. म्हंजे घड्याल समजतो."

"माझं काम आहे ते."

"मंग त्या गाडीचा घड्याल कसा नाय समजला?"

त्याने ग्लव्ह बॉक्समधून कागदांची प्लास्टिकची पिशवी काढली. युनिटला अर्जावर अर्ज करून मागवलेले रमाकांतच्या अपघाताच्या इन्क्वायरीचे कागद. वकिलाकडून त्यांचं मराठी करून घेतलं होतं. एका पानावर पेन्सिलीने खूण होती. चार ओळी. 'नाईक दळवी, ऑटो इलेक्ट्रिशियन. सदर गाडीतील घड्याळ अपघाताच्या दोन दिवस आधी मी दुरुस्त केले. घड्याळ सर्व्हिसेबल होते. कोणताही दोष नव्हता.' खाली माझी सही.

"ह्या शब्दावर माजा भाव बेफाम ठरला," जनार्दन म्हणाला. "सांगा आता."

मी कागद घडी करून परत दिला. आता तुम्हाला सांगतो, कारण हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

रमाकांत आणि मी, युनिटमध्ये पनवेलचे दोघंच. मी गावठाणातला, तो नेऱ्याकडचा. तो मला दळवीभाऊ म्हणायचा. सुट्टीहून येताना त्याच्या आईने दिलेला सुका जवळा डब्यात भरून आणायचा. डबा उघडला की अख्खी बॅरेक त्याला शिव्या घालायची आणि जेवताना ताटं पुढे करायची. ड्रायव्हर म्हणून तो इतका सावकाश होता की पोरं त्याला बैलगाडी म्हणायची. एकदा मागून कॉन्व्हॉयच्या ट्रकने हॉर्न वाजवून वाजवून कान किटवले, तरी ह्याने गिअर बदलला नाही. ट्रकवाला पुढे जाऊन शिव्या देऊ लागला तेव्हा हा म्हणाला, "माजी आई घरी हाय, तुजी नाय का?" सीओ साहेबांना, म्हणजे युनिटच्या मुख्य अधिकाऱ्यांना, तोच ड्रायव्हर लागायचा.

सीओ साहेबांची गाडी म्हणजे बंद बॉडीची हलकी गाडी. डॅशबोर्डवर हिरव्या आकड्यांचं घड्याळ. ट्रकांना घड्याळं नव्हती, त्यामुळे अख्ख्या एमटीत, म्हणजे आमच्या गाड्यांच्या पार्कमध्ये, हे एकच. नियम असा होता की कार डायरीत निघाल्याची वेळ गाडीतल्या घड्याळाप्रमाणे लिहायची. मनगटावरची घड्याळं प्रत्येकाची निराळी चालायची आणि त्यावरून भांडणं व्हायची. कार डायरी म्हणजे गाडीची वही. कुठून कुठे, किती वाजता, किती किलोमीटर, खाली सही.

त्या हिवाळ्यात ते घड्याळ मधेच थांबायला लागलं. गाडी दोनदा उशिरा लागली आणि साहेब थंडीत उभे राहिले. अ‍ॅडज्युटंट साहेबांनी, म्हणजे सीओंच्या हाताखाली कारभार बघणाऱ्या अधिकाऱ्यांनी, एमटीच्या सुभेदार साहेबांना बोलावून सांगितलं, घड्याळ दुरुस्त करा आणि पाच मिनिटं पुढे ठेवा.

आता इथे फौजेची एक रीत सांगावी लागेल. सीओ साहेबांनी परेड सहाला सांगितली की सुभेदार पावणेसहा सांगतो, हवालदार साडेपाच, नाईक सव्वापाच, आणि जवान बिचारा पाचला येऊन पाय आपटत उभा राहतो. जो तो आपल्यापुरती काळजी घेतो आणि खालच्यावर ढकलतो. सगळ्यांना हे माहीत असतं. सगळे हसतात आणि सगळे तेच करतात.

सुभेदार साहेब माझ्याकडे आले. "दस मिनट आगे कर दे, दळवी. ड्राइवर को मत बताना. बता दिया तो वो मन में घटा लेगा."

"ठीक है, साब."

मी घड्याळ उघडलं. आत एक टाका हलला होता. गाडीच्या धक्क्याने सुटायचा आणि चिकटायचा. सोल्डर मारला, दोन तास गाडी चालू ठेवून बघितलं. मग वेळ लावली. दहा मिनिटं सांगितली होती. मी पंधरा केली. उद्या गाडी परत उशिरा लागली तर बोलणी मलाच बसणार होती, म्हणून माझी पाच वर टाकली. कुणाला सांगितलं नाही. सुभेदार साहेबांनाही नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी रमाकांत ट्रान्झिट कॅम्पवरून साहेबांना आणायला निघाला. एकटाच. मी वर्कशॉपच्या दारात दात घासत होतो. बॅटरी रूमच्या भिंतीवरच्या घड्याळात पाच पंचेचाळीस झाले होते. त्याने काच खाली करून विचारलं, "दळवीभाऊ, काय आनू?" मी म्हटलं, "ब्लेड." तो गेटवर गेला. गेटवर पहाऱ्याला असलेल्या संत्र्याने खिडकीतून वाकून कार डायरीतली वेळ बघितली आणि तीच आपल्या रजिस्टरमध्ये उतरवली. सगळे संत्री हेच करतात. थंडीत बाही वर करून मनगट कोण बघणार? डायरीत ०६०० होतं. गेट रजिस्टरमध्येही ०६०० झालं.

अठरा किलोमीटरवर ट्रॅफिक पोस्ट होती. तिथलं घड्याळ रोज रेडिओवर मिळवलेलं असायचं. तिथे त्याची नोंद ०६३०. पुढे दोन किलोमीटरवर वळण.

सहा बावन्नला सिग्नलच्या खोलीत आवाज आला.

"कंट्रोल, पोस्ट थ्री. हलकी गाडी नाल्यात. ओव्हर."

"किती माणसं? ओव्हर."

"एक दिसतोय. हालचाल नाही. ओव्हर."

"रिकव्हरी निघतेय. आऊट."

रिकव्हरीच्या, म्हणजे पडलेल्या गाड्या ओढून काढणाऱ्या, गाडीवर मी होतो. आठ वाजून दहा मिनिटांनी आम्ही खाली उतरलो. रस्त्याची कड बारा-पंधरा फूट लांब तुटून गेली होती, वरच्या पाण्याने आतून पोकळ झालेली. रमाकांत स्टिअरिंगवर होता. पायाखाली कार डायरी पडली होती, ती मी उचलून दिली. त्याला बाहेर काढायला पन्नास मिनिटं लागली. मला तेव्हा घड्याळ आठवलंही नाही. मी रडलो, तेही रिकव्हरीच्या ट्रकमागे जाऊन.

पेटीबरोबर मलाच पाठवलं, कारण मी पनवेलचा. त्याच्या आईने माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला होता. जनार्दनने मला स्वतः पाणी आणून दिलं. गावाने मान दिला. तोवर मी निर्दोष होतो, निदान मला तसं वाटत होतं.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी तीन आठवड्यांनी बसली. दुसऱ्या युनिटचे अधिकारी. त्यांना बैलगाडी हे नाव माहीत नव्हतं, आणि अशी नावं रजिस्टरमध्ये नसतात. मला आत बोलावलं तेव्हा टेबलावर दोन रजिस्टरं उघडी होती आणि मेजर साहेबांच्या पॅडवर पेनाने वजाबाकी केली होती. ०६३० वजा ०६००. उत्तर तीस. त्या घाटात अठरा किलोमीटरला पंचेचाळीस मिनिटं लागतात. तीस मिनिटांत जाणारा ड्रायव्हर उडतच गेला असला पाहिजे.

"वॉज द क्लॉक सर्व्हिसेबल?"

"सर्व्हिसेबल, सर."

"एनी डिफेक्ट?"

"नो डिफेक्ट, सर."

"दॅट्स ऑल."

फौजेत सर्व्हिसेबल म्हणजे चालू हालतीत. घड्याळ चालत होतं. सेकंदाला सेकंद बरोबर चालत होतं. फक्त पंधरा मिनिटं पुढे होतं, आणि ते मला कुणी विचारलं नाही. जेवढं विचारतील तेवढ्याचंच उत्तर द्यायचं, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवतात. हे कारण मी स्वतःला अकरा वर्षं सांगितलं. खरं असं आहे की ती वजाबाकी बघताच माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता. पाच पंचेचाळीसला तो माझ्यासमोर निघाला होता. अजून एक वाक्य बोलायचं होतं. माझं हवालदारीचं प्रमोशन दोन महिन्यांवर होतं. मी सॅल्यूट केला, अबाउट टर्न केला आणि बाहेर आलो. सुभेदार साहेबांनीही तोंडातून ब्र काढला नाही, पण त्यांना दहाच मिनिटं माहीत होती. पंधरा फक्त मला माहीत होती.

निकाल आला, ड्रायव्हरच्या अतिवेगामुळे. युनिटच्या स्मृतिफलकावर त्याचं नाव लागलं नाही. घरी पत्र गेलं. पत्रात अतिवेग होता. गावात पोचेपर्यंत त्याचा बेफामपणा झाला आणि वर्षभरात दारूही आली. रमाकांत दारूला शिवत नव्हता.

तर ते कागद घेऊन जनार्दन माझ्या दुकानात उभा होता.

"गावात शिला लागतेय," तो म्हणाला. "फौजेत गेले त्यांच्या नावाची. तीन नावं. दोन पक्की. रमाच्या नावाला लोक नाय बोलतात. ऐतवारी धा वाजता सभा हाय शालेच्या पडवीत. येऊन बोला."

"काय बोलू?"

"जो खरा असंल तो. मना काय म्हाईत घड्यालाचा? मना एवढाच म्हाईत हाय, माजा भाव जोरात गाडी चालवनारा नव्हता. कुठंतरी चूक हाय आनि ती तुमाला म्हाईत हाय. तुमी तवा पेटी घेऊन आलात, नंतर एकदा तरी आलात का? वाटंत भेटलात का? त्यावरनंच मी समजलो."

"नाही आलो तर?"

"तर नका येऊ. कागद मी वाचीन सगल्यांसमोर. खाली तुमची सही हाय ती पन वाचीन."

मला राग आला. माझ्या दुकानात, माझ्या काउंटरवर, मला धमकी. मी काहीतरी वेडंवाकडं बोलणार होतो. तो सरळ माझ्याकडे बघत होता आणि माझ्याच्याने ते झालं नाही. मी फ्यूज त्याच्या जागी बसवला. छतातला दिवा लागला. घड्याळाचं बटण दाबत विचारलं, "वेळ लावू?"

"लावा. बरोबर लावा."

दहा अठ्ठावन्न झाले होते. मी दहा अठ्ठावन्न लावले. तो गाडीत बसला आणि निघून गेला.

रविवारी सकाळी मी ब्लेझर काढला, त्यावर मेडलं लावायला घेतली. बायकोला गुरुवारीच सगळं सांगितलं होतं. तीन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलत होती. दारात उभी राहून म्हणाली, "मेडलं कशाला? त्यातलं एक त्या घड्याळाचं आहे का?" मी मेडलं डब्यात ठेवली. साधा शर्ट घातला.

गाढी नदीच्या बाजूने रस्ता जातो. अकरा वर्षांपूर्वी दोन्हीकडे भातशेती होती, आता फार्महाऊसची गेटं आहेत आणि प्लॉट विकण्याचे बोर्ड. नऊ पन्नासला मी शाळेशी पोचलो. पडवीत साठ-सत्तर माणसं होती. मला कुणी बसायला सांगितलं नाही.

गजानन पाटील म्हणून सत्तरीतले गृहस्थ पुढे बसले होते. त्यांचा मुलगा सीमेवर गोळी लागून गेला होता. शिळेवर पहिलं नाव त्याचं. विरोध मुख्य त्यांचाच होता.

"माजा पोर गोली खाऊन गेला," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "त्याच्या नावाच्या खाली बेफाम गाडी हाकनाऱ्याचा नाव नाय लागनार. तुमी घरतांचे वकील का?"

"नाही. मी साक्षीदार आहे."

मी सावधानमध्ये उभा राहिलो. तसं उभं राहिल्याशिवाय मला बोलता आलं नसतं. वेळा सांगितल्या. अ‍ॅडज्युटंटची पाच मिनिटं, सुभेदारांची दहा, माझी पंधरा. निघाला पाच पंचेचाळीसला, डायरीत पडले सहा. संत्र्याने तेच उतरवलं. पोस्ट ओलांडली सहा तीसला. पंचेचाळीस मिनिटं. त्या रस्त्याला लागतात तेवढीच. मग कड तुटली. इन्क्वायरीत मला काय विचारलं आणि मी काय म्हणालो तेही सांगितलं.

पडवीत आधी कुजबुज झाली, मग आवाज चढले. मागून कुणीतरी म्हणालं, "अकरा वरसं झोपला व्हता का?" दुसरा म्हणाला, "आता का आलाय? कुनी उभा केलाय ह्याला?" एकाने माझ्या आईवरून शिवी दिली. ती मी ऐकून घेतली.

पाटलांनी हात वर केला.

"सजा कुनाला झाली?"

"कुणालाच नाही."

"तुमाला?"

"मला प्रमोशन मिळालं. नाईकचा हवालदार झालो."

पाटील बाजूला मान फिरवून थुंकले आणि जनार्दनला म्हणाले, "लाव तुज्या भावाचा नाव. माज्या पोराच्या बाजूलाच लाव."

शिळेचं सांगून टाकतो. नाव लागलं. तिन्ही नावं एका उंचीची. मला बोलावणं आलं नाही आणि मी गेलोही नाही. युनिटला माझा लेखी जबाब रजिस्टर पोस्टाने पाठवलाय. पोचपावती आली. बाकी अजून काही नाही. रोज पोस्टमनची वाट बघतो. मला शिक्षा देणार असतील तर देऊ देत, पण रमाकांतच्या कागदावरचा तो एक शब्द कुणीतरी खोडला पाहिजे.

सभेनंतर मी गाडीकडे निघालो तर जनार्दनने वाट अडवली.

"कुठं?"

"झालं ना सांगून?"

"सभेला सांगितलात. आईला कोन सांगनार?"

तो पुढे चालू लागला. मी मागून गेलो. तेच घर, तोच ओटा. पेटी आम्ही ह्याच ओट्यावर टेकवली होती. म्हातारी बाहेर बसून वाल सोलत होती. ऐंशीच्या पुढे गेलेली, हाताची नुसती काडी. तिने वर बघितलं पण मला ओळखलं नाही.

"आये, हा दळवी," जनार्दन तिच्या कानाशी वाकून ओरडला. "रमाला घेऊन आलेला, तो." मग मला म्हणाला, "तिला ऐकाया कमी येतो. मोठ्यान् बोलावा लागंल."

मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. बोललो. तिने कानामागे हात धरला आणि मान हलवली. परत बोललो. ऐकू नाही आलं. शेवटी मी परेडच्या आवाजात ओरडलो. गल्लीतल्या दारांत बायका येऊन उभ्या राहिल्या. सभेतून परतणारी माणसं थांबली. घड्याळ, पंधरा मिनिटं, मी लावलेलं, मी लपवलेलं, सगळं मी त्या गल्लीत ओरडून सांगितलं.

म्हातारीने वालाचं टोपलं बाजूला ठेवलं.

"म्हंजे माजा रमा हलू चालवत व्हता?"

"हो, आई! हळू चालवत होता!"

"जोरात नाय?"

"नाही! कधीच नाही!"

तिने डोळ्याला पदर लावला. ती रडली नाही, नुसता लावून धरला. जनार्दन भिंतीकडे तोंड करून उभा होता. मला वाटलं आता उठावं. मी गुडघ्यावर हात ठेवला तेव्हा तिने विचारलं,

"मंग तू आजवर का नाय बोललास?"

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. तिला खरोखरच कारण हवं होतं. माझ्याकडे अकरा वर्षांत जमवलेली पुष्कळ कारणं होती. त्यातलं एकही तिच्या तोंडाकडे बघून बोलण्यासारखं नव्हतं.

"घाबरलो होतो," मी म्हणालो.

तिने कानामागे हात धरला.

"मोठ्यान् बोला," जनार्दन म्हणाला, भिंतीकडेच बघत. "तिला नाय ऐकू आला."

मी मोठ्याने बोललो.